पालवीच्या रंगाचा परकर

क्षणभर डोळे मिटा पाहू. अगदी घट्ट, फटीतून बघायचं नाही. आता समजा, तुमच्या हातात एक कापड आहे. ते सुती की रेशमी, हे बोटं सांगतील. नाकाशी धरलंत तर डांबरगोळ्यांचा वासही येईल. पण रंग? रंग कसा ओळखाल?

कयल्विळी नेमकं हेच करून बघत होती. कुंभकोणमच्या घरात, अम्माच्या लोखंडी कपाटासमोर बसून, डोळे मिटून ती एकेका साडीवरून हात फिरवत होती.

"कपाट आवरतेयस की उपसतेयस?" अम्मानं दारातून विचारलं.

"पाट्टीला कसं वाटत असेल, ते बघतेय."

खाली पडलेली साडी उचलून अम्मा पुन्हा पुन्हा घडी करत राहिली.

पाट्टी म्हणजे कयलची आजी, अप्पांची आई. तिचा एक डोळा केव्हाच गेला होता. उरलेल्या डोळ्यातला मोतीबिंदू नुकताच काढला होता. पट्टी सुटली, काळा चष्मा आला, डॉक्टर म्हणाले, हळूहळू निवळेल, वाट बघा. पाट्टी मात्र पहिल्या दिवसापासून येईल त्याला सांगत होती, "दिसतंय की! छान दिसतंय!"

पंचाईत ही होती, की ऑपरेशनच्या आधीही ती हेच सांगायची. घर तिला पाठ होतं. पावलांवरून माणूस ओळखायची, वाफेच्या वासावरून कॉफी कुठे ठेवलीय ते हेरायची. आपल्यामुळे कुणाच्या जिवाला घोर नको, एवढंच तिचं म्हणणं. परवाच ती सुनेला म्हणाली होती, "सुगुणा, साडी शोभतेय हो तुला." अम्माच्या अंगात नाइटी होती. "हो, अत्तै," असं सासूला म्हणून अम्मा स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ तशीच उभी राहिली. कयलनं ते पाहिलं होतं.

शाळेत जुन्या काळच्या पोशाखाचा दिवस होता. बाईंची अट एकच: विकत काही आणायचं नाही, घरच्या कपाटातूनच सजायचं. कयलला फार शोधावं लागलं नाही. भिंतीवर पाट्टीचा तरुणपणीचा फोटो होता. परकर, वरून दावणी म्हणजे पदरासारखी घ्यायची लांब ओढणी, फुग्याच्या बाह्या, वर दुमडून बांधलेल्या दोन वेण्या. फोटो काळा-पांढरा, पण परकराचा रंग घरात सगळ्यांना तोंडपाठ होता. पाट्टीच्या आईच्या जुन्या साडीतून तो शिवलेला, आणि रंग मांदळिर. आंब्याच्या पालवीचा.

"पालवी म्हणजे हिरवाच ना, अम्मा?"

"मग काय निळी असते?" चेन्नईत तिसऱ्या मजल्यावर वाढलेली अम्मा म्हणाली.

हिरवी सुती साडी निघाली. ती दुहेरी करून वरच्या काठात पेटीकोटाची नाडी ओवली, झाला परकर. चुडीदाराच्या पांढऱ्या ओढणीची दावणी झाली. कयलच्या जुन्या ब्लाउजच्या बाह्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबल्यावर त्या टम्म फुगल्या. मिठाईच्या खोक्यांच्या लाल रिबिनी वेण्यांना लागल्या. अम्मा मोगऱ्याचा गजरा घेऊन आली, तशी कयल मागे सरली.

"मोगरा नको. वासानं ओळखेल ती. अबोली माळ."

अम्मानं तिच्याकडे पाहिलं, आणि निमूटपणे परसातली अबोली तोडून आणली.

पाट्टी बाहेर ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. कयल तिच्यापासून चार हात लांब जाऊन उभी राहिली. एक शब्द बोलली नाही. बाह्यांतले बोळे तेवढे कुरकुरले.

"काय गं हे? रद्दीत उंदीर शिरला की काय?"

कान तर तिचे आधीपासूनच तिखट होते. कयल हलेना. शेवटी अम्मालाच राहवलं नाही.

"अत्तै, बघा तरी कोण आलंय. तुमच्या फोटोतला पोशाख केलाय पोरीनं. घरच्याच कपड्यांतून."

"अगंबाई! छान दिसतंय हो," पाट्टी हसून म्हणाली. "हुबेहूब मीच!"

तेच जुनं वाक्य, तोच जुना स्वर. कयलचे खांदे पडले. अम्मा तोंड फिरवून आत जायला निघाली.

पाट्टीनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. मग मान थोडी पुढे काढली.

"पण कण्णू, हा परकर कसला गं नेसलायस?"

"मांदळिर," कयल हळूच म्हणाली.

"हा मांदळिर? कैरीला पाय फुटल्यासारखी दिसतेयस! हिरवं असतं ते जून पान, बाई. पालवी कधी हिरवी असते का? चिंच लावून तांब्या घासला की कसा दिसतो? तशी असते पालवी. कुणी सांगितलं तुला हिरवी म्हणून?"

कयलनं बोट दाखवलं. पाट्टीनं त्या बोटाच्या दिशेनं पाहिलं.

"तू, सुगुणा? शाब्बास! आणि भर दिवसा ओट्यावर नाइटीत काय उभी? जाणारेयेणारे बघतायत."

अम्मा मटकन उंबऱ्यावर बसली. खांद्यावरचा टॉवेल तिनं तोंडाशी धरला. ती हसते आहे की रडते आहे, ते कळेना.

"चुकलंच माझं, अत्तै," ती टॉवेलाआडून म्हणाली. "सगळंच चुकलं."

"अगं, रंग चुकला म्हणून रडतं का कुणी?"

तोवर कयल परकर दोन्ही हातांनी वर धरून रस्ता ओलांडून गेली होती. पलीकडे लक्ष्मीमामींच्या कुंपणावरून आंब्याची फांदी बाहेर झुकली होती. तिच्या शेंड्याला कोवळी, तांबूस पानं लटकत होती. एरवी ती रोज याच झाडाखालून शाळेत जायची. तिनं एक डहाळी तोडली आणि तिथूनच उंच धरली.

"पाट्टी, हा?"

"हाच! आणि मागून सायकल येतेय, बाजूला हो आधी!"

कयल बाजूला झाली. सायकल घंटी वाजवत निघून गेली.

मग ती पळत परत आली. पण ओट्यावर थांबली नाही. एका बाहीतून निसटलेला कागदाचा बोळा तिथेच टाकून ती थेट कपाटापाशी गेली, आणि डोळे चांगले उघडे ठेवून, ती डहाळी एकेका कापडाशेजारी धरून बघू लागली.