कोपरे दोनदा मोजले

मित्रांनो, मी गणिताच्या वर्गातले एक जुने टेबल आहे. चौकोनी, चौघांना बसता येईल एवढे. सुताराने मला दोन मोडक्या बाकांच्या फळ्या जोडून बनवले, म्हणून माझ्या मधोमध एक फट आहे आणि तिच्यात खोडरबराचा चुरा साठतो. बरीच वर्षे माझ्यावर नुसते वह्यांचे गठ्ठे असत. त्याचे मला सुख नव्हते आणि दुःखही नव्हते.

मग नव्या बाई आल्या. त्यांनी बाकांच्या रांगा मोडल्या, चौघाचौघांचे गट केले आणि प्रत्येक गटाला एकच कागद दिला, म्हणजे सगळे मिळून विचार करतील. माझ्याभोवती बसली ती अशी: प्रोफेसर, त्याचा जिवलग मित्र, एक बडबडी मुलगी आणि हळू बोलणारी, म्हणून सगळे जिला गप्पी म्हणत ती. प्रोफेसर हे अर्थात टोपणनाव. तो पाढे घडाघडा म्हणायचा, म्हणून कागद आपोआप त्याच्यापुढे सरकायचा. गप्पी त्याच्या समोर बसायची, तिला आकडे उलटे दिसायचे. पेन्सिलींना टोक काढायचे आणि समास आखायचा, एवढेच तिच्या वाट्याला यायचे.

बाई मनाने चांगल्या. त्या पाळीपाळीने गटप्रमुख नेमायच्या. गप्पीची पाळी आली, की ती प्रोफेसरलाच विचारायची, पुढे काय लिहायचे. झाली प्रमुखगिरी! बाई फिरत फिरत यायच्या, प्रोफेसर उत्तर सांगायचा, आणि बाई माझ्यावर थाप मारून म्हणायच्या, "छान, या गटाचं झालं." ती शाबासकी माझ्या फळीला मिळायची. मी तिचे काय करणार?

वर्ष संपता संपता प्रत्येकाला ठरवायचे होते, पुढे गणित ठेवायचे की सोडायचे. गप्पीने घरी सांगून टाकले होते, सोडते म्हणून. आई म्हणाली, निदान बाईंशी बोल. बडबडीने तिला विचारले, वाईट नाही का वाटत? गप्पी म्हणाली, काहीच वाटत नाही. ते मला लगेच समजले. माझेही तसेच असते.

त्या आठवड्यात एक गणित आले. चौकोनी तळे, प्रत्येक बाजू पाच फरशांची. भोवती फरशांची एक रांग लावायची, तर किती फरशा लागतील? प्रोफेसर म्हणाला, बाहेरची बाजू सातची, सात चोक अठ्ठावीस. गप्पीने बोटाने माझ्यावर चौकोन काढला.

"कोपरे दोनदा मोजले," ती म्हणाली. "चोवीस होतात."

"तू समास आख ना," मित्र म्हणाला. प्रोफेसरने अठ्ठावीस लिहिले.

पण त्या दिवशी बाई शेजारच्या गटात, आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. त्या उठल्या आणि साऱ्या वर्गाला म्हणाल्या, "कोपरे दोनदा मोजले जातात, हे हिच्या लक्षात आलंय. कुणाचं अडलं तर मला नाही, हिला विचारा."

मुले आली. गप्पी बोटाने चौकोन काढत राहिली आणि तो कोपरा एकाच बाजूत का धरायचा, ते समजावत राहिली. प्रोफेसरने स्वतःहून कागद तिच्याकडे फिरवला. मला हायसे वाटले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी वाटले.

घंटा झाल्यावर बाई तिच्याजवळ थांबल्या. गप्पीने सांगितले, मी गणित सोडतेय.

"अगं, आज तर तू इतकं छान बोललीस."

"मी रोजच बोलते, बाई," गप्पी म्हणाली. "आज तुम्ही शेजारी होतात."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने दप्तर उचलले आणि ती गेली. बाई माझ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. थाप मारली नाही.

आता बाई रोज एकेका गटाजवळ स्टूल ओढून बसतात आणि ऐकतात. गप्पी मात्र त्या तासाला दुसऱ्या वर्गात असते. तिच्या खुर्चीवर एक नवा मुलगा बसतो. परवा त्याच्याही हातात पेन्सिली दिल्या गेल्या.

मित्रांनो, मला पॉलिश नको. माझ्यावर नावे कोरायची तर खुशाल कोरा. फक्त चौघे बसाल तेव्हा कागद मधोमध ठेवा, आणि जो हळू बोलतो त्याला पुन्हा विचारा, काय म्हणालास? गप्पीचे रोजचे बोलणे मी ऐकत होतो, आणि मला तर कानही नाहीत.