दगडातलं तरस

“माझी आय कुठं हाय?” मुचानेतानं विचारलं, तशा झाडाखालच्या पाचही छिन्न्या थांबल्या.

आई जाऊन सहा वर्षं झाली होती. डोईवर सरपणाची मोळी घेतलेली म्हातारी मुचानेतानं चार महिने खपून काळ्या दगडातून काढली होती. घरात आईचा एक फोटो नव्हता. तिचं तोंड उरलं होतं ते त्या दगडातच. काल मेण चोळून ठेवलेली मूर्ती आज जाग्यावर नव्हती.

“शहरात प्रदर्शनाला धाडली,” गारिकाई मेस्त्री कानस झटकत म्हणाला.

“मला न इचारता?”

“दगड माझ्या खाणीतला, छिन्नी माझी, शिकवणूक माझी. तुझं काय गं त्यात?”

“आय माझी हाय.”

मेस्त्री हसला. बाकीचे पाच जण खाली मुंडी घालून ठोकायला लागले.

डोंगराखालच्या त्या गावातल्या सहा जणांनी निम्मं रान पडीक टाकून वर्षभर दगडकाम शिकायचं धरलं होतं. वर्ष सरलं की गाव जमणार, ज्यानं त्यानं आपली एक मूर्ती मांडायची आणि काय शिकलो ते चारचौघांत सांगायचं, असं ठरलं होतं. अजून आठ महिने होते. तेवढ्यात मूर्ती शहरात नेणारा ट्रकवाला गिरणीवर भेटला आणि सहज बोलून गेला, “म्हातारी लई झ्याक केलीय तुमच्या मेस्त्रीनं. बुडाला नाव बी कोरलंय त्याचं.”

मुचानेता घरी आली ती पिठाचं टोपलं आदळतच. “न्हाई जायाची उद्यापासनं. मक्यात खुरपं चालवीन.”

सासू सेकाई शेंगा फोडत होती. “बाये, तुझ्या बापानं भाऊबंदांच्या नाकावर टिच्चून तुझं नाव मुचानेता ठिवलं. म्हंजे, ‘थकाल तुमीच.’ आन् तूच थकलीस व्हय?”

दुसऱ्या दिवशी मुचानेता सगळ्यांच्या आधी झाडाखाली हजर. मेस्त्री म्हणाला, “आली का अक्कल?” ती म्हणाली, “येतीय हळूहळू.”

आणि ती त्याला बघायला लागली. दुसऱ्याचं काम चांगलं उतरलं की त्याचा खालचा ओठ कसा लोंबतो, मानेला वळ्या किती, उजवा खांदा कसा पडलेला. आईची मूर्ती मायेनं झाली होती, हात आपोआप चालला होता. माणूस निरखावा कसा, हे तिला या रागानं शिकवलं. दिवसा मेस्त्रीच्या हाताखाली ती साधे पक्षी कोरी आणि घरी आल्यावर कणगीमागं दुसराच दगड फोडी. दगड असा कठीण की छिन्नी उडून बोटं फुटायची. साद्झाचा, मक्याच्या घट्ट उकडीचा गोळा ती डाव्या हातानं मोडायची. सासू बघायची आणि चिंधी बांधायची.

कापणी उरकली. तांबडी धूळ उडवत वारं सुटलं आणि तो दिवस आला. बाजरीची बिअर झाली होती, ढोल आले होते. मेस्त्री पुढं खुर्ची टाकून बसला. एकेक जण उठला. “मेस्त्रीनं धीर शिकवला.” “मेस्त्रीनं हात दिला.” मेस्त्री मान डोलवत होता.

“मी बघायला शिकले,” मुचानेता म्हणाली आणि तिनं आपल्या मूर्तीवरचं पोतं ओढलं.

तरस होतं. पाठ उतरती, तोंडात चोरलेली सरपणाची मोळी. पण ओठ लोंबता, मानेला तीन वळ्या, उजवा खांदा पडका. मग सेकाई पुढं झाली, तरसाकडं बघितलं, खुर्चीकडं बघितलं. “अगं बया! मेस्त्री तर हितं बसल्यात. मग ह्ये कोण?”

हसू असं फुटलं की ढोलवाल्याच्या हातातली काठी गळाली.

मेस्त्री हातोडा घेऊन उठला. वर उचललासुद्धा.

“फोड की बाबा,” सेकाई म्हणाली. “फोडलास म्हंजे तूच हाईस, गावादेखत कबूल.”

हातोडा वरच राहिला. मुखियानं गंभीर तोंड करून विचारलं, “मेस्त्री, जाणकार तुमी. कसं जमलंय?”

मेस्त्रीनं हात खाली घेतला. “बरं... बरं जमलंय.”

“मग हातपंपाच्या वाटंवर बसवू,” मुखिया म्हणाला. “येताजाता लोक बघतील.”

दोन आठवड्यांनी मेस्त्रीची बायको शुवाई मुचानेताच्या दारी आली. “काढ गं ते. पाण्याला जायाची चोरी झाली. बाया मोळी संभाळा म्हणत्यात मला बघून.”

तिचं उतरलेलं तोंड बघून मुचानेताला वाईट वाटलं. पण आईचं तोंड आठवलं आणि वाटेनासं झालं. “त्यास्नी सांग, माझी आय परत आणा. बुडाचं नाव खरवडा, माझं कोरा. हितं, माझ्या अंगणात, सगळ्यांदेखत. मग काढीन.”

मेस्त्री तीन दिवसांनी बसनं आला, मांडीवर म्हातारी घेऊन. अंगणात उकिडवा बसला. शेजारपाजार कुंपणाला रेलून बघत होता. त्यानं आपलं नाव घासून काढलं आणि तिच्या नावाची नऊ इंग्रजी अक्षरं कोरली.

“शेवटचं तिरकं गेलं,” मुचानेता म्हणाली. “पुन्यांदा घासा.”

त्यानं घासलं. पुन्हा कोरलं. मुचानेतानं कमरेच्या फडक्यानं धूळ पुसली, आईला उचलून घरात नेलं, चुलीसमोर ठेवलं. बाहेर आली तेव्हा मेस्त्री गुडघ्यावरची भुकटी झटकत उभा होता.

“झालं ना तुझ्या मनासारखं? आता काढ ते तरस.”

“काढीन म्हणाले व्हते, मेस्त्री. कवा, ते कुठं म्हणाले?”

कुंपणावर कुणीतरी खोकलं. मेस्त्रीनं हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि घराकडं निघाला. वाट एकच होती, हातपंपावरून जाणारी.