निळ्या जाकिटाने माझी बाई नेली

मित्रांनो, मी सरकारी वकिलाचा काळा झगा आहे. जुना, कोपरांवर झिजून चकाकी आलेला. रोमानियातल्या ब्राइला शहरातल्या एका शिंप्याने मला स्मारांदाबाईंच्या मापाने शिवलं, आणि एकोणीस वर्षं शेजारच्या गालात्स शहराच्या न्यायालयात मी त्यांच्या अंगावर राहिलो. पांढरी गळपट्टी लावून त्या उठल्या की सगळे चिडीचूप. विनंती त्यांना ठाऊकच नव्हती. "मी शिक्षेची मागणी करते!" एवढंच. शाळेचं कच्चं छप्पर मुलांवर कोसळलं, तेव्हा बांधकामाच्या पैशांवर हात मारणाऱ्या सत्ताधारी पुढाऱ्याला त्यांनी शिक्षा मिळवून दिली. त्या मुलांच्या आया माझी बाही धरून रडल्या. मी फुगलो. खोटं कशाला बोलू?

मग वरच्यांनी बाईंच्या हातातल्या फायली काढून घेतल्या. बाईंनी राजीनामा तोंडावर फेकला आणि विरोधी पक्षातून निवडणुकीला उभ्या राहिल्या. मी दारामागच्या खिळ्यावर, आणि त्यांच्या अंगावर पक्षाचं निळं जाकीट! कालचं पोर, चेन धड लागत नाही, पण तोरा बघा. बाजारातल्या तळलेल्या माशांचा वास घेऊन यायचं आणि माझ्याच शेजारी लटकायचं. माझा नुसता जळफळाट!

एकदा बाजारात बाई सवयीने बोलून गेल्या, "मी तुमच्या मताची मागणी करते!"

कोबीवाली म्हणाली, "अगं बाई! आणि नाही दिलं तर किती वर्षं आत?"

बाईंनी घरी हसत हे सांगितलं. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तो शब्द माझा होता, जाकिटाचा नव्हे.

मग प्रचारप्रमुख गेदेओन आला. "मॅडम, प्रचारफलकावरच्या फोटोत झगा घाला. लोक डोळे मिटून मत देतील."

बाईंनी मला खाली काढलं. एक हात बाहीत घातला. मी जाकिटाकडे बघून घेतलं. आणि त्या थांबल्या.

"नको. शाळेच्या खटल्याचं अपील बाकी आहे. हा घालून मत मागितलं, तर तो पुढारी म्हणेल, बाई तेव्हाही पक्षाचीच होती. आणि सुटेल."

"अहो, जागा जाईल!"

"जाऊ दे."

फोटोत जाकीटच झळकलं. मी आजही जळतो, मित्रांनो. पण माझ्यासारखा झगा तुमच्या अंगावर आला, तर तो घालून मतं मागू नका. झग्याने कितीही हट्ट धरला तरी.