पाळीवरची सखल वीस पावले

मी सातवी उत्तीर्ण आहे. आठवीत असताना वडिलांच्या जाळ्याला दुसरा हात हवा होता, म्हणून माझी शाळा सुटली. परंतु वाचनाची गोडी सुटली नाही. आरमोरीच्या आठवडी बाजारात मासळी विकून झाली की मी तेथील वाचनालयात जाऊन बसे आणि इतिहासाची पुस्तके वाचीत असे. लढाया, किल्ले, तह, फितुरी असे सारे मी वाचले. पुढे गावाने मला सरपंच केले, तेव्हा माझी अशी दृढ समजूत होती की, ज्याने इतिहास वाचला त्याचा निर्णय चुकत नाही. ही समजूत कशी मोडली आणि मोडूनही कशी टिकली, ते येथे सांगतो.

आमच्या गावचा तलाव मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, काळातला आहे. त्याची पाळ, म्हणजे मातीचा बांध, साधारण अर्धा मैल लांब. दक्षिण टोकाला दगडी सांडवा आहे व नेहमीचे जादा पाणी तेथून जाते. पाळीच्या मध्यभागाखाली आम्हा ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, टोली आहे, बेचाळीस घरांची वस्ती. उत्तर टोकाला मात्र, नाल्याच्या अंगाला, वीस पावलांचा एक तुकडा बाकी पाळीहून हातभर खाली आहे. त्याला ‘देवाची वाट’ म्हणतात. दर वैशाखात सारे गाव पाळीवर माती टाकते. घरटी पाच टोपल्या हा दंडक आहे. परंतु त्या वीस पावलांवर कोणी माती टाकीत नाही. तेथे हळद-तांदूळ वाहायचे आणि पुढे जायचे. मीही लहानपणापासून तसाच पुढे गेलो. कधी कारण विचारले नाही.

गेल्या वर्षी तलावदुरुस्तीची योजना मंजूर झाली. पाळ उंच करायची, पाणी वाढवायचे. सोमवारी जेसीबी येणार होता. त्याआधी पाळ सर्वत्र एकसारख्या उंचीची करण्यास गावाची संमती आहे, अशा कागदावर माझी सही हवी होती. रविवारी ग्रामसभा भरली. उपसरपंच प्रफुल हा पदवीधर तरुण. त्याची शेती नाल्याकाठी. तो उभा राहून म्हणाला, “सरपंचभाऊ, जमाना कुठचा कुठी गेला. आपन अजून देवाले वाट सोडून राह्यलो. देव काय आता मोटारसायकलनं येऊन राह्यला का?”

लोक हसले. मलाही ते पटले. मी भाषण केले. ज्या किल्ल्याच्या तटाची एक बाजू सखल राहिली तो किल्ला शत्रूने तेथूनच घेतला, असे मी चार दाखले देऊन सांगितले. इतिहास आपणांस हेच शिकवितो की, तट कोठेही खाली ठेवू नये, असा मी समारोप केला. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात मागून कुंताबाई उठली. ऐंशीच्या घरातली, आमच्या टोलीतली सर्वांत म्हातारी. अजूनही काठावर बसून जाळी सांधते.

“मनसाराम,” ती म्हणाली, “किल्ल्याचं तुले लय ठावं आहे. तलावाचं काही ठावं आहे का?”

या वेळी लोक मला हसले. मला राग आला. परंतु वडीलधाऱ्या बाईस सभेत काय बोलणार? मी सही उद्यावर ठेवली आणि सभा उठविली.

घरी न जाता मी तडक काठावर गेलो. ती येऊन बसलीच होती, मांडीवर जाळे घेऊन.

“कुंताबाई, चारचौघांत माया अपमान काऊन केला?”

“अपमान कुठी केला, बाप्पा? इचारलं फक्त. तू इतलं वाचतं, एखाद्या घडी इचारत बी जा.” तिने सुतळी दाताने तोडली. “आपली टोली आधी कुठी होती, थे तुया बापानं सांगतलं नाई?”

“नाई.”

मग तिने सांगितले. ती आईच्या पोटात असतानाची ही गोष्ट. मालगुजाराच्या कारभाऱ्याने उसाला पाणी पुरावे म्हणून देवाची वाट भरून काढली व पाळ सारखी केली. त्या वर्षी भादव्यात चार दिवस झड लागली. सांडव्याला पाणी आवरेना. उत्तरेची वाट बंद, म्हणून पाणी पाळीच्या पोटावर चढले आणि पाळ मधोमध फुटली. तेव्हाची टोली अगदी पायथ्याशी होती. ती गेली, माणसांसह. पुढच्या उन्हाळ्यात मालगुजाराने पाळ बांधली, स्वतः उभे राहून उत्तरेची माती काढविली, आणि जी घरे उरली ती दोनशे पावले मागे बसविली.

“म्हंजे देवाचा काही संबंध नाई?” मी विचारले.

“कसा नाई? देवाचं नाव लावलं म्हनून तुमी इतके वर्स थांबले. मानसाचं नाव लावलं असतं तं कोन थांबलं असतं?”

तरीही माझ्यातला वाचक उठला. पुस्तकांत प्रत्येक गोष्टीला पुरावा असतो. एका बाईच्या सांगण्यावरून, तीही गोष्ट तिच्या जन्माआधीची, योजना परत कशी पाठवावी? मी तसे बोललो.

ती चिडली नाही. “पुरावा तुयाच रेताडीत आहे. त्या बांधीत धान काऊन पिवळा पडते? कधी खोदून पाह्यलं?”

रेताडी ही माझी पाळीखालची बांधी, म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा. मी वीस वर्षे त्या जमिनीला दोष देत आलो होतो. दिवस मावळायला अवकाश होता. मी फावडे घेऊन गेलो व मधोमध खोदू लागलो. गुडघाभर काळी माती निघाली. मग एकाएकी फावडे सळसळले. खाली वीतभर जाडीची स्वच्छ रेती होती, तलावाच्या तळाशी असते तशी. रेतीखाली कवेलूचे, म्हणजे छपरावरच्या कौलांचे, तुकडे, चुलीचा काळा पडलेला दगड, आणि जाळ्याच्या कडेला वजनासाठी बांधतात ती भाजलेल्या मातीची गोटी. माझी आई अशाच गोट्या वळीत असे आणि त्यांवर अंगठ्याचा ठसा राही. या गोटीवरही ठसा होता. लहान अंगठ्याचा.

मी खड्ड्याच्या काठावर बसलो. किल्ल्यांचे दाखले देणारा मी, आणि माझ्याच नांगराखाली एका टोलीचे घर होते. उद्या सही केली असती, तर त्याच्यावर दुसरी टोली मीच घातली असती.

सोमवारी जेसीबी आला तेव्हा मी पाळीवर उभा होतो. सही केली नाही. प्रफुल संतापला.

“भाऊ, कालच तं तुमी भाषन देल्लं! योजना वापस गेली तं पुन्हा येत नाई. बाईमानसाच्या गोष्टीवर गाव चालवनार का?”

“काल मी चुकीचं बोललो,” मी सर्वांसमोर म्हणालो. हे वाक्य म्हणणे फार जड गेले. “माया संगं चाल. मंग बोल.”

अर्धे गाव रेताडीत आले. योजनेचे अभियंतासाहेबही आले. प्रफुल खड्ड्यात उतरला, रेती मुठीत घेतली, कवेलू उलटे करून पाहिले. त्याने वर मान केली तेव्हा त्याचा आवाज बदलला होता.

“साहेब, वाट तशीच ठेवून बाकी पाळ उंच नाई करता येनार का? आन् वाटेवर दगड बसवले तं? मातीची वाट पान्यानं कापत जाईन. दगडाची टिकंन.”

अभियंतासाहेबांनी दोन्ही टोके पायाने मोजली, नाल्याचा उतार पाहिला आणि म्हणाले, “ज्याने ही वाट ठेवली त्याला पाणी कळत होते.” कागदावर दुरुस्ती झाली. मी सही केली. दगडाची सूचना मला सुचली नसती. माझ्याजवळ फक्त मागचे होते, पुढचे प्रफुलने घातले.

त्याच पावसाळ्यात, पोळ्यानंतर, तीन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी सांडवा तुडुंब भरून वाहत असतानाही पाणी चढतच होते. सारी टोली पाळीवर आली. बाया मुलांना कडेवर घेऊन उभ्या. मग उत्तरेकडून खळखळाट ऐकू आला. पाणी दगडांवर चढले आणि वीस पावलांच्या रुंदीने नाल्यात उतरले. तास-दीड तासात तलाव दोन बोटे खाली आला. पाळीच्या पोटाला ओलही फुटली नाही.

नाला फुगून काठाच्या दोन बांध्यांत शिरला. त्या प्रफुलच्या होत्या. संध्याकाळी तो चिखलाने माखून आला.

“देव माया धानातून गेला, भाऊ,” तो म्हणाला. “आधी सांगतलं असतं तं पाय धुवाले पानी ठेवलं असतं.” मग तो हसला, आणि मला रडू आले. दुसऱ्या दिवशी टोलीतली बेचाळीस घरांची माणसे टोपल्या घेऊन त्याच्या बांध्यांतली रेती काढायला गेली. कोणी बोलावले नव्हते.

इतिहास वाचल्याने पुढाऱ्याला शहाणपण येते का? माझे उत्तर असे की, मी वाचला त्याने मला भाषण आले. शहाणपण कुंताबाईच्या प्रश्नाने आले. परंतु वाचलेच नसते, तर पुरावा मागण्याची सवय तरी कोठून लागली असती? म्हणून मी वाचनालयाचाही ऋणी आहे, बाईचाही, आणि ज्यांची नावे मला ठाऊक नाहीत त्या सर्वांचाही.

नावांचे मात्र मी काही केले. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत ठराव घेतला की, देवाच्या वाटेवर कधीही माती टाकू नये. आणि प्रथमच त्याखाली कारण लिहिले. कुंताबाईला बोलावून मी ठरावाची वही उघडली आणि म्हणालो, “बाई, जे गेले त्यायची नावं सांग. तुया मायकडून आयकले असतील तेवढे.”

तिने एक बोट दुमडले.

“लिही,” ती म्हणाली. “पयली माही मोठी बहीन. चंद्रभागा. पाच वर्साची होती.”

मी लिहिले.