कॉम्प्युटरला लावलेलं अस्तर

आमचा कॉम्प्युटर त्या दिवशी सकाळपासून तीनदा बसल्या जागी गेला. चालता चालता फट्! पडदा काळा. ना सूचना, ना निरोप. आणि दुपारी दोनला सुनेची परीक्षा होती, त्याच्यावरच. नोकरीची, तीन तासांची. मध्ये बंद पडला तर पुन्हा बसू देणार नव्हते. पोरांपायी नऊ वर्षं घरी राहिलेली बाई. घरांचे नकाशे काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणाले नाही, पण आहे ते आहे.

आमच्याकडे यंत्र बिघडलं की सगळ्यांच्या अंगात येतं.

"व्होल्टेज," आमचे हे म्हणाले. यांचं सगळं व्होल्टेजच. फ्रिज, मिक्सर, माझा संताप, सगळं.

मुक्कामाला आलेले जावई फोनमध्ये वाचून म्हणाले, "आई, व्हायरस आहे."

"मग ताप आला असेल," मी म्हटलं, आणि गमतीने कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला. चटकाच बसला! मी हात डब्याच्या पाठीमागे नेला. मागे माझंच अस्तर होतं.

सांगते. गेल्या वर्षी हा डबा घरात आला तेव्हा मी त्याची पाठ पाहिली. नुसती भोकं! धूळ जाईल, झुरळं जातील, कोणाला काही पडलेलं नाही. चाळीस वर्षं मी शिवणकाम करते, उघडी शिवण मला बघवत नाही. काळं कापड घेतलं, आत स्पंज घातला, दुहेरी शिलाई मारली, वायरींना काजं ठेवली आणि चिकटपट्टीने असं बसवलं की कंपनीने लाजावं. वर्षभर निभावलं. पण गेले चार दिवस सून तासन्‌तास सराव करत होती आणि डबा आत कोंडून उकडत होता.

मी काय करावं? सगळ्यांना जेवायला पिटाळलं, अस्तर ओरबाडून काढलं आणि शिवणाच्या डब्यात रिळांखाली दडपलं. कॉम्प्युटर लागला की! वीस मिनिटं चालला.

"बघा, मी अपडेट मारलं ना," जावई फुगले.

"हुशार आहात हो," म्हणत मी त्यांना आग्रहाने वाढलं. चोराच्या हातून आपोआपच जास्त वाढलं जातं.

पावणेएकला पुन्हा फट्. या वेळी जळका वाससुद्धा. मग तो चालूच होईना.

सून ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती ओळखपत्र टेबलावर सरळ ठेवत बसली. ठेवलं, पुन्हा सरळ केलं, पुन्हा केलं.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो डब्याला कान लावतो. लावला. डबा उघडला, डोकं खाजवलं.

"मावशी, मदरबोर्डसुद्धा असू शकेल. दुकानात न्यावा लागेल, परवा देतो."

"परवा? परीक्षा दोनला आहे!"

"एकेक वस्तू काढून बघायची म्हणजे दोन तास सहज. वर्षाचं यंत्र, आतून लख्ख, एवढं तापलं कशाने तेच कळेना. ते कळलं तर नेमका तिथेच हात घालीन."

घड्याळात एक वाजून दहा. माझी चूक आजवर कोणी काढली नव्हती. तेवढी हिंमत कोणात नव्हती हे वेगळं. मी सुनेकडे पाहिलं. ओळखपत्र पुन्हा सरळ होत होतं. उठले, शिवणाचा डबा आणला आणि अस्तर टेबलावर आपटलं.

"हे मागे होतं. मी लावलेलं. मघाशी काढलं. हसायचं असेल त्याने हात चालवत हसावं."

सगळे अस्तराभोवती जमले.

"म्हणजे व्होल्टेज नव्हतं?" हे म्हणाले.

"अपडेटने चालला होता ना?" जावई पुटपुटले.

"आई," सून म्हणाली, "मला ते कंपनीचंच वाटत होतं." एवढ्या धांदलीतही मला बरं वाटलं.

डॉक्टर अस्तर उलटसुलट बघत होता. "या वरच्या पंख्यावरही?"

"सगळीकडे. अर्धवट काम मी करत नाही."

तो असा हसला की पेचकस हातातून पडला. "मग वीज पुरवणारा पॉवर सप्लायच जळलाय, मावशी! त्याचा गरम वारा इथूनच बाहेर पडतो. वर्षभर श्वास कोंडला बिचाऱ्याचा! माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरचा काढून आणतो. जावईबापू, गाडी काढा!"

दोघे वाऱ्यासारखे गेले आणि एक चाळीसला आले. जावयांच्या पायात दोन वेगळ्या चपला. डॉक्टरने वायरी खोचल्या, दोनच स्क्रू पिळले, बटण दाबलं. घुर्रर्र! यांनी टाळ्या वाजवल्या, मी यांना बाहेर काढलं. एक अठ्ठावन्नला सून आत बसली आणि दार लागलं.

तीन तास मी दाराशी स्टूल टाकून बसले. जावयांना शिंक आली तर ती त्यांनी अंगणात जाऊन दिली.

पाचला दार उघडलं.

"एकदाही बंद पडला नाही," सून म्हणाली. "सगळं सोडवलं. वीस मिनिटं उरलीसुद्धा."

"मग काय केलंस वीस मिनिटं?"

"हसत होते. 'अर्धवट काम मी करत नाही' आठवलं आणि थांबताच येईना. कॅमेऱ्यातून परीक्षेवर नजर ठेवणाऱ्या बाईंनी विचारलं, तब्येत बरी आहे ना?"

"काय सांगितलंस मग?"

"सांगितलं, सासूबाईंनी चूक कबूल केली."

"आणि?"

"त्या म्हणाल्या, मग हसा, तेवढं चालतं."

मी तिला दटावायला तोंड उघडलं, पण बाहेर हसूच आलं, आणि स्टूल सोडून मी दारातच फतकल मारली.