माझ्या घशाचं माप

मित्रांनो, भिऊ नका, मी रिकामी आहे. मी एक जुनी रायफल आहे आणि मिशिगनमधल्या ट्रॉय गावी, प्रल्हादकाकांच्या गराजमधल्या कुलूपबंद कपाटात राहते. माझं वय विचारू नका. माझ्या लाकडी दस्त्यावरचे ओरखडे पाहिलेत, तरी अंदाज येईल.

पोलादाच्या सळईला आरपार भोक पाडून आणि आत वळणावळणाच्या खाचा कोरून कारखान्यात माझी नळी घडवली. या खाचा गोळीला भिंगरीसारखं फिरवतात, म्हणून ती सरळ जाते. पहिल्या मालकाने मला खूप मिरवलं. माझा नेम पाहायला शेजारीपाजारी जमायचे आणि मी हुरळून जायचे. पण गोळ्या सुटून सुटून माझा घसा, म्हणजे गोळी नळीत शिरते ती जागा, हळूहळू रुंद झाला. पुढे मालक वारले आणि मी माळ्यावर धूळ खात पडले. कोणी साधं फडकंही फिरवलं नाही. फार वाईट वाटायचं.

मग जुन्या सामानाच्या विक्रीत प्रल्हादकाकांनी मला उचललं. मोटारींची इंजिनं बनवण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि ते नुकतेच रिटायर झाले होते. त्यांनी मला घासूनपुसून तेल दिलं, खंडेनवमीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. मी अगदी भरून पावले. पुढे ते शिसं वितळवून साच्यातून स्वतःच गोळ्या ओतू लागले आणि तिथेच माशी शिंकली. "पिस्टन सिलिंडरपेक्षा किंचित लहानच हवा," असं म्हणत त्यांनी गोळ्याही माझ्या नळीपेक्षा किंचित लहान केल्या. त्या खुळखुळत निघायच्या. मागचा वायू कडेने निसटायचा, शिसं नळीला चिकटायचं आणि गोळी भलतीकडेच जायची. त्यात माझा काय दोष?

शेजारचे गिरीशकाका तर टपूनच बसले होते. "प्रल्हाद, यार, हिचं बॅरल गेलंय. मला दे, बेसमेंटमध्ये मस्त लॅम्प करतो. शेडसुद्धा ऑर्डर केलीय."

"रविवारी नेमबाजीच्या क्लबात शेवटचं ट्राय करतो," काका म्हणाले. "नेम नाही लागला, तर घेऊन जा."

लॅम्प! माझ्या नळीतून वायर जाणार आणि डोक्यावर झालरीची टोपी येणार!

शनिवारी काका गराजमध्ये माझ्यासमोर हताश बसले होते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुवर्णाकाकूंचा आवाज आला. "अहो, कुकरची शिट्टीच होत नाहीये. सगळी वाफ कडेने जातेय. रिंग सैल झालीय, स्टोअरमधून नवी आणा."

काका उठले आणि दारातच थबकले. "रिंग! अगं सुवर्णा, पिस्टन लहान असतो, पण त्याच्यावर रिंग असते! माझ्या गोळीला कुठे रिंग आहे? तिलाच घट्ट बसायला हवं!"

"बसेल ती. आधी माझी रिंग आणा."

काकांनी आधी रिंग आणली. मग मऊ शिशाचा तुकडा माझ्या घशात हलकेच ठोकून बसवला, दुसरा नळीतून आरपार ढकलला आणि दोन्ही बाहेर काढून त्यांची मापं घेतली. इतक्या वर्षांत माझा घसा कोणी तपासलाच नव्हता! मग त्यांनी नळीच्या खाचांपेक्षा केसभर मोठ्या, पण माझ्या घशात अलगद बसतील अशा नव्या गोळ्या केल्या.

रविवारी गिरीशकाका गाडीत लॅम्पशेड घेऊनच क्लबात आले. काकांनी नेम धरला. पहिली गोळी मला गच्च बिलगून, गरगरत सुटली, आणि मला माझी तरुणपणची चाल आठवली! मागोमाग बाकीच्याही सुटल्या आणि निशाणाच्या कागदावरची सगळी भोकं एका बशीखाली झाकली जातील इतकी जवळजवळ पडली.

"ओ माय गॉड! बॅरल नवीन टाकलंस का?" गिरीशकाकांनी विचारलं.

"नाही रे," काका माझ्यावरून हात फिरवत म्हणाले. "हिचा घसा मोठा, आणि मीच हिला लहान घास भरवत होतो."

मित्रांनो, माझ्यासारख्यांना मोठ्यांनीच हाताळावं, साफ करावं आणि रिकामं करून कुलपात ठेवावं. तुम्ही हात लावू नका. पण घरातली एखादी जुनी वस्तू चुकायला लागली, तर तिला निकामी ठरवण्याआधी तिचं माप एकदा नीट घ्या. गिरीशकाकांची ती लॅम्पशेड अजून त्यांच्या गाडीतच आहे. ती माझ्या डोक्यावर येणार नाही, एवढं मात्र बघा!