फळीचा तास

बसच्या दारावरल्या काळ्या पाटीवर दिवसभराच्या सहलीतली पाच ठिकाणे खडूने लिहिलेली असत. त्या सकाळी चौथ्या ठिकाणापुढे, म्हणजे होडीच्या शेडपुढे, एक ठसठशीत प्रश्नचिन्ह होते.

"हे कुणी काढलं?" वहिनींनी विचारले. अकरा वर्षे त्या पाहुण्यांना बेट दाखवीत होत्या आणि बस त्यांच्या धाकट्या दिराची होती. तेव्हा प्रश्न केवळ रीतीपुरता होता.

"मीच. वहिनी, या महिन्यात लोकांची साडेचारची बोट दोनदा चुकली, दोन्ही वेळा बाबांच्या शेडपायी. आज चुकली तर उद्यापासून शेड बंद. त्याऐवजी शंखशिंपल्यांचा बाजार. लोक खूश."

"आणि मामंजी?"

"ते कधी कुणावर खूश होते?"

पण वहिनी हार मानणाऱ्या नव्हत्या. बेटावर हाताने होडी बांधणारा एकच माणूस उरला होता. तो सासरा होता म्हणून नव्हे, उरला होता म्हणून त्यांना ते ठिकाण हवे होते. त्यांनी पदर खोचला.

दीपगृहाच्या पायऱ्यांवर त्यांनी कुणाला धाप लागू दिली नाही, कारण उभेच राहू दिले नाही. लवंगेच्या बागेत माळ्याचे व्याख्यान "काका, बाकीचं पुढच्या बसला सांगा" म्हणून निम्म्यावर तोडले. चौथऱ्यावरच्या जुन्या तोफेजवळ एक गृहस्थ तिच्या नळीत डोके घालून फोटो काढू पाहत होते. त्यांना "बाहेर या, ती अजून भरलेली असते" असे निखालस खोटे सांगून बाहेर काढले. शेडची वेळ कागदावर दोनची होती, आणि ठीक दोन वाजता बस शेडपुढे उभी राहिली. असे अकरा वर्षांत प्रथमच घडत होते.

आत फळ्या वाफवायची लांबट लाकडी पेटी सुसकारत होती. म्हाताऱ्याने मागे वळूनही पाहिले नाही.

"सूनबाई, लवकर कशा?"

"लवकर नाही मामंजी, वेळेवर."

"माझी फळी अडीचला शिजते. तुम्ही रोज अडीचला येता."

वहिनींनी कपाळावर हात मारला. माळ्याला, पाहुण्यांना, तोफेलासुद्धा त्यांनी घाई लावली होती. ज्याला सांगायला हवे होते त्यालाच सांगायचे राहिले होते. बस रोज उशिरा येते, हे गृहीत धरूनच म्हातारा पेटीखाली जाळ लावीत असे.

धाकटा दारातच टेकून उभा होता. वडिलांच्या शेडमध्ये त्याने कित्येक वर्षांत पाऊल टाकले नव्हते. "चला, बसा गाडीत सगळे," तो म्हणाला. "बघायला काही नाही."

"कुणी हलायचं नाही," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, घड्याळ माझ्याकडेही आहे. थांबायचं."

पाहुणे थांबले. कुणी होडीच्या घडलेल्या लाकडी फासळ्यांवरून हात फिरवला. कुणी तांब्याचा खिळा उन्हात धरून पाहिला. अडीचला म्हाताऱ्याने पेटी उघडली. फळी आज नेहमीपेक्षा हातभर लांब होती. वाफवलेली फळी वाकते ती मोजकी मिनिटे. गार झाली की मोडते. एक टोक म्हाताऱ्याने गोणपाटात धरले, दुसरे रोजच्याप्रमाणे वहिनींनी. पण मध्ये फळी फासळीपासून सुटू लागली. दोन पाहुणे धावले आणि गरम लाकडाचा चटका बसताच मागे सरले.

"धाकट्या," म्हातारा मान न वळवता म्हणाला, "मधे धर. खांदा लाव, हात नको."

धाकट्याने अंगातला सदरा काढून खांद्यावर टाकला आणि फळीला खांदा लावला. फळी कुरकुरली, वाकली आणि बसली. खिळे ठोकून होईपर्यंत तो तसाच उभा होता. मग एका आजींनी टाळी वाजवली आणि बाकीच्यांनी ती उचलून धरली.

"अजून येतं तुला," म्हातारा म्हणाला. आयुष्यात त्याने केलेली ही बहुधा सर्वांत लांब स्तुती होती.

बस निघाली तेव्हा सव्वातीन झाले होते. धबधब्याचा फाटा आला. धाकट्याने गाडी वळवली नाही.

"भाऊजी, धबधबा?"

"तो काय, रोज पडतोच. बोट गाठायचीय ना?"

मागून कुणी तक्रार केली नाही. आजी शेजारणीला फळीचे वळण हाताने दाखवीत होत्या.

धक्क्यावर ते चार वाजताच पोचले. पाहुणे बोटीकडे गेल्यावर धाकट्याने सदऱ्याच्या चुरगळलेल्या बाहीने पाटीवरचे प्रश्नचिन्ह पुसले, तिथे "दोन ते तीन" असे लिहिले, आणि धबधब्यापुढे "वेळ उरल्यास".

"आणि वहिनी," खडू खिशात टाकत तो म्हणाला, "बाबांना आजच सांगून ठेवा. फळी दोनला."